पणजोबांच्या धोकटीतले तीन वस्तरे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माळा आवरताना पणजोबांची धोकटी, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची पिशवी, सापडली. आत तीन वस्तरे, एक तुटकी पथरी (धार लावायचा दगड) आणि लाकडासारखा कडक झालेला चामड्याचा पट्टा. पणजोबा नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात साहेबांच्या दाढ्या करायचे, आजोबा पुढे रामकुंडावर मुंडनाला बसायचे. वडिलांनी सलून टाकलं ते ब्लेड घालायच्या वस्तऱ्यावर, म्हणून धोकटी वर गेली ती गेलीच. आता तिन्ही वस्तरे गंजलेत. ते धारवाल्याकडे द्यावेत का, एकावर ‘सिल्व्हर स्टील’ लिहिलंय तर त्यात चांदी आहे का, वापरता येतील का, आणि विकले तर काय येईल, हे तुम्हाला हवंय.

पहिलं उत्तर लगेच देतो, कारण त्याला उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरणार नाही. धारवाल्याकडे देऊ नका. विळी, कात्री, कोयता यांना धार लावण्यात त्या माणसाचा हात धरणारा कोणी नाही, माझ्या घरची विळीही त्याच्याकडेच जाते. पण वस्तऱ्याच्या धारेला त्याचं चाक सोसत नाही. वस्तऱ्याचं पोलाद कडक करून झालं की साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. धारेजवळ पातं कागदासारखं पातळ असतं. कोरड्या चाकावर टेकवलं की एका क्षणात तिथलं तापमान २०० च्या पुढे जातं. आधी पिवळट छटा येते, मग तपकिरी, आणि ३०० च्या आसपास निळा रंग उमटतो. निळा दिसला की तेवढा भाग मऊ झाला. त्याला पुढे कितीही धार लावा, दोन गालांनंतर ती वळते. रंग घासून काढता येतो, गेलेला कडकपणा घासून परत येत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. सातपूरला टूल रूममध्ये मी ३१ वर्षं काम केलं. पहिला जुना वस्तरा हातात आला तेव्हा मला वाटलं, पोलादाचं काम तर आपलं रोजचंच. चकाकी आणायला मी तो मोटरवरच्या बफला, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकाला, लावला. टोकाकडे निळी झाक आली ती मला दिसली, तरी ‘वरवरची असेल’ म्हणून मी पुढे घासत राहिलो. इंग्लंडमधल्या शेफील्डचं, शंभर वर्षं टिकलेलं पातं मी चार मिनिटांत घालवलं. ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यानंतर वस्तऱ्याच्या पात्याला मी मोटर लावलेली नाही. हातमोजेही घालत नाही, कारण पातं तापतंय हे सगळ्यात आधी बोटाला कळतं.

तुम्ही व्हर्नियरने मापं घेऊन पाठवलीत ते फार बरं केलंत. वस्तऱ्याचं निम्मं भवितव्य त्या दोन आकड्यांत असतं: पाठीची जाडी, आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी. वस्तरा पथरीवर आडवा पूर्ण टेकवतात, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. कोन धरावा लागत नाही, तो पाठीनेच ठरवलेला असतो. रुंदी जाडीच्या साडेतीनपट असेल तर धारेचा कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो, आणि दाढीला तोच मानवतो. चारपट झाली तर चौदा-साडेचौदा. त्याहून जास्त झाली तर धार इतकी पातळ होते की केसाला लागताच तिचे बारीक टवके उडायला लागतात. तीनपटच असेल तर एकोणीस, म्हणजे धार टिकते पण गालावर ओढते.

तुमचा रुंद, ‘सिल्व्हर स्टील’वाला वस्तरा २२ मिलिमीटर आणि पाठ ६ मिलिमीटर, म्हणजे पावणेसोळा अंशांच्या जवळ. उत्तम. दुसरा, जर्मनीतल्या सोलिंगेनचा, १६ आणि साडेचार, म्हणजे सोळाच्या किंचित वर. तोही उत्तम. तिसरा, ज्यावर काहीच नाव नाही, तो १३ आणि २.९. हा तेराच्याही खाली गेला. तिसऱ्याबद्दल शेवटी बोलतो, कारण मला विचाराल तर धोकटीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे.

आधी चांदीचं. नाही, त्यात चांदी नाही, निदान सराफाने कसोटीवर घासून मिळेल अशी तर नाहीच. पण त्या दोन शब्दांमागची हकीकत तुमच्या घरात माहीत असायला हवी, कारण तिची एक दोरी आपल्याकडूनच सुरू होते. दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेलं पोलाद इंग्रज ‘वुट्झ’ म्हणायचे. १७९० च्या दशकात मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथून त्याची तपासणी सुरू झाली. लंडनचे जेम्स स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवायचे. या पोलादावर ते इतके खूश झाले की आपल्या दुकानाच्या कार्डावरच त्यांनी छापलं: युरोपातल्या उत्तमातल्या उत्तम पोलादापेक्षा हे भारतीय पोलाद आपल्याला सरस वाटतं. पुढे याच स्टोडार्ट यांनी शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांना सोबत घेऊन पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. त्यात चांदीही होती, पाचशे भाग पोलादाला एक भाग. त्यांचे निष्कर्ष १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मग काय, शेफील्डच्या कारखानदारांना ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव फार आवडलं. चांदी घालणं राहिलं बाजूला, नाव मात्र पुढची कित्येक दशकं पात्यांवर छापलं जात राहिलं. तेव्हा तुमच्या वस्तऱ्यावरचं ‘सिल्व्हर स्टील’ म्हणजे चांगल्या मुशीच्या पोलादाची जाहिरात समजा. पोलाद खरोखरच चांगलं असतं, त्याबद्दल शंका नको.

तो वस्तरा किती जुना? नाव झिजलंय आणि शेवटी फक्त ‘शेफील्ड’ वाचता येतं, असं तुम्ही म्हणता. झिजलेलं अक्षर वाचायची एक साधी रीत आहे. खोलीत अंधार करा, टॉर्च अगदी आडवी धरा आणि पातं हळूहळू फिरवा. सावलीत अक्षरं उठून दिसतात. चांदणी आणि तिच्याशेजारी चार हातांचा क्रूस दिसला तर ती जोसेफ रॉजर्स या कारखान्याची खूण. बाण दिसला तर वेड अँड बुचर असण्याची शक्यता मोठी. ‘इंग्लंड’ हा शब्द नाही म्हणून तो १८९१ च्या आधीचा, असं संग्राहक पटकन सांगून टाकतात. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून ती ओळख रूढ झाली. पण तुमचा माल अमेरिकेला गेलेला नाही, देवळालीला आलेला आहे. त्यामुळे त्या एका शब्दावर मी पैज लावणार नाही. पात्याचा आकार जास्त खरं बोलतो. पाठीपासून धारेपर्यंत सरळ पाचरीसारखा उतरता, बाजू जवळजवळ सपाट, पातं रुंद. असा घाट एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तृतीयांशातला. बाजू आतून कोरून पातळ करण्याची पद्धत नंतर पसरली, आणि सोलिंगेनवाल्यांनी ती कळसाला नेली. तुमचा दुसरा वस्तरा तसाच आहे. नखाने हलकेच टिचकी मारली तर तो गातो.

टिचकीवरून आठवलं, घासायचा कागद हातात घेण्याआधी तडा तपासा. पात्यावर पातळ तेल लावा, दहा मिनिटं थांबा, पूर्ण कोरडं पुसा आणि उजेडात धरून धारेकडे बघत बसा. केसाएवढा तडा असेल तर त्यातून तेलाची बारीक रेघ पुन्हा वर येते. कोरलेल्या पात्याला धारेजवळ नखाने टिचकी मारून आवाजही ऐका. तो स्वच्छ किणकिणला पाहिजे. मध्येच बद्द वाजला तर तिथे काहीतरी आहे. तडा धारेपासून वर गेलेला असेल तर तो वस्तरा चेहऱ्याला लावायचा नाही. याला अपवाद नाही.

आता गंज. लाल गंज आणि काळा डाग यांत फरक करायला शिका. लाल गंज जिवंत असतो, आत खात जातो, तो काढायचाच. काळपट-राखाडी थर हा पोलादाने स्वतःवर ओढलेला शांत थर आहे. तो राहू द्या. नवशिके तोही घासून आरसा करू पाहतात, आणि त्या नादात पाठीच्या कडा, गळ्यावरची (पातं आणि मूठ यांच्यामधल्या भागावरची) अक्षरं, कोरीव रेघा सगळं बोथट होतं. मला कोणी आरशासारखा चकचकीत जुना वस्तरा दाखवला की मी आधी त्यावरची अक्षरं बघतो. त्यांचे काठ विरघळल्यासारखे दिसले तर तो दुरुस्त केलेला नाही, बिघडवलेला आहे. आपलं काम एवढंच, की गंज थांबेल इतकंच काढायचं.

सुरुवात मऊ ब्रश, कोमट पाणी आणि साबणाने करा. लगेच पुसून कोरडं करा. मग शिलाई मशीनचं तेल लावून एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी बराचसा लाल गंज सुती कापडाने किंवा अगदी बारीक स्टील वुलने निघून येतो. भांड्यांचा तारेचा काथ्या घेऊ नका, त्याचे ओरखडे खोल जातात. व्हिनेगर, लिंबू, चिंच यांच्या पाण्यात बुडवायचा सल्ला तुम्हाला घरातूनच मिळेल. तांब्याच्या बंबाला ते ठीक. पोलादाला आम्ल लागलं की गंजाबरोबर चांगला पृष्ठभागही खाल्ला जातो आणि पातं मेल्यासारखं राखाडी दिसतं.

त्यानंतरही राहिलं तर वॉटर पेपर. ६०० नंबरने सुरू करा, २२० ला हात लावू नका. धारेवर आधी चिकटपट्टी दुमडून लावा, पातं लाकडाच्या पाटीवर सपाट टेकवा, पाटीच्या कडेबाहेर धार येऊ देऊ नका. या कामातले बहुतेक बोटांचे अपघात हवेत धरून घासण्याने होतात. कागदाखाली ठोकळा म्हणून वाइनच्या बाटलीचं बूच घ्या. नाशकात त्याला तोटा नाही. बूच थोडं दबतं, त्यामुळे कोरलेल्या पात्याच्या पोकळीत नीट बसतं, आणि पाचरीच्या सपाट बाजूवर कडा न खाता चालतं. घासायचं पाठीकडून धारेकडे किंवा लांबीने. धारेकडून पाठीकडे कधीच नाही. ६००, ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला आधीच्याचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढे सरकू नका. एका वस्तऱ्याला मला अजूनही दोन-तीन संध्याकाळी लागतात. खड्डे उरतील. ते पात्याच्या मध्यावर असतील तर सोडून द्या, दाढीला त्यांचा काही त्रास नाही. धारेपासून मिलिमीटरभराच्या आत असतील तर मात्र पथरीवर ते धारेत उतरतात आणि तिथे दातरा पडतो.

सोलिंगेनच्या पात्यावर सोनेरी नक्षी आहे, तिला कागद तर नाहीच, पॉलिशही लावू नका. ते सोनं इतकं पातळ असतं की भांड्यांच्या पितळ पॉलिशचा एक हात फिरला की गेलं. साबणाचं पाणी आणि कानात घालायची कापसाची काडी, एवढंच.

पण सोलिंगेनच्या बाबतीत खरी काळजी मला पात्याची नाही, मुठीची आहे. तुम्ही लिहिलंय की मूठ मधासारखी पिवळी, अर्धपारदर्शक आहे, तिला कापरासारखा वास येतो, खिळ्याभोवती हिरवट झालंय, आणि गंज नेमका मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावरच आहे. हे सगळं एकच गोष्ट सांगतं. ती मूठ सेल्युलॉइडची आहे आणि ती कुजायला लागली आहे. सेल्युलॉइड नायट्रेट केलेल्या कापसापासून कापूर घालून बनवतात. म्हातारं झालं की त्यातून नायट्रोजनच्या आम्लाची वाफ सुटते. तीच पात्याला गंजवते, तीच पितळी खिळे हिरवे करते. त्याला उपाय नाही. आजच तो वस्तरा बाकीच्या दोघांपासून वेगळा करा. बंद डब्यात कोंडू नका, हवा लागेल असं ठेवा, आणि देवघरातल्या समईपासून, गॅसपासून लांब. सेल्युलॉइड भडकन पेटतं. मूठ शिंगाची की प्लास्टिकची हे बघायला गरम सुई टोचतात, तो प्रयोग यावर चुकूनही करू नका.

म्हणजे या वस्तऱ्याची मूठ बदलावी लागणार. जुनी मूठ काढताना खिळ्याचं डोकं बारीक कानशीने सपाट करा आणि मग खिळा बारीक पंचाने अलगद बाहेर ढकला. पक्कडीने उचकटलं तर गळ्याच्या छिद्राला तडा जातो. नव्या मुठीसाठी सुताराकडे शिसवीचे तुकडे मागा. तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या पुरतात. जुन्या मुठीचा ठसा कागदावर आधीच घेऊन ठेवा. दोन्ही पट्ट्या एकावर एक चिकटपट्टीने बांधून एकदमच भोकं पाडा, म्हणजे ती समोरासमोर येतात. खिळ्याला १.६ मिलिमीटरची पितळी तार लागते, ती ब्रेझिंगच्या रॉडमध्ये मिळते. भांडी बाजारात किंवा ओळखीच्या तांबटाकडे तेवढा तुकडा सहज मिळावा. डोकं बसवताना मोठा हातोडा नको. गोल तोंडाची छोटी हातोडी घ्या आणि चारी बाजूंनी फिरत अगदी हलके, पाच-पन्नास ठोके द्या. प्रत्येक दहा ठोक्यांनंतर पातं उघडून-मिटून बघा. एका हाताने उघडता आलं पाहिजे, पण आपण होऊन पडता कामा नये. आणि मिटल्यावर पातं दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध यायला हवं. एका बाजूला घासलं तर धार रोज तिथेच मरते.

शेफील्डच्या वस्तऱ्याची मूठ शिंगाची आहे. फोटोत कडेला दिसणारी खाचखळगी किड्यांनी खाल्लेली आहे, शिंगाला ती लागतेच. ती मूठ बदलू नका. साबणाने पुसा, कोरडी करा, चार-पाच दिवस रोज पातळ तेलाचा हात द्या. तिचा काळा रंग आणि आतल्या पिवळ्या रेघा परत येतील. तिच्या शेवटच्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये राखाडी पाचर आहे. नखाने ओरखडा उठत असेल तर ते शिसं आहे. तिला कागद लावू नका, त्याची धूळ पोटात जाणं वाईट. हात धुवा, आणि घरातल्या लहानग्यांच्या हाती तो वस्तरा द्यायचा नाही.

कधी बाजारात हस्तिदंती मूठ म्हणून कोणी वस्तरा पुढे केला, आणि तुमचा छंद वाढला तर करणारच, तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद केला आहे. समुद्री कासवाच्या कवचाचंही तेच. बरेचदा ते हस्तिदंत नसतं, हाड असतं. हाडात बारीक काळे ठिपके दिसतात आणि हस्तिदंताच्या तुटक्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी. पण ओळखून घेण्यापेक्षा न घेणंच शहाणपणाचं.

मग धार. हे काम हातानेच शिकावं लागतं, लिहून निम्मंच पोचतं. धोकटीतली पथरी तुटलेली आहे आणि मधून खोल गेलेली असणार. आठवण म्हणून जपा, धारेला वापरू नका. नवे सपाट दगड घ्या: १०००, ४००० आणि ८०००. पुढे हौस वाढली तर १२०००. दगड सपाट आहे याची खात्री दर वेळी करा. त्यावर पेन्सिलीने चौकडी काढा, काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासा, रेघा सगळीकडे सारख्याच पुसल्या गेल्या की झालं. शेफील्डच्या पाठीवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी एक थर लावा. पाचरीच्या पात्यात जवळजवळ पूर्ण बाजूच दगडाला टेकते. पट्टीने कोन पाऊण अंशाने वाढतो आणि दगड नेमका धारेलाच लागतो, शिवाय पाठीवरचं जुनं काम वाचतं. वस्तरा धार पुढे करून न्यायचा, दाब फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाचा. टाचेपासून (मुठीकडच्या टोकापासून) टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जावी म्हणून नेता-नेता तिरका ओढायचा. वळवायचा तो पाठीवरून, धारेवरून कधीच नाही. सगळं अवघड काम १००० वरच होतं. तिथे दोन्ही बाजूंच्या उतारांची रेघ टाचेपासून टोकापर्यंत अखंड जुळली नाही तर पुढचे दगड नुसती खोटी चकाकी देतात. मनगटावरचे केस त्वचेला न टेकता कापले जायला लागले की ४००० वर जा.

शेवटी पट्टा. कापडावर ३० फेऱ्या, चामड्यावर ६०. इथे उलट, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणून धरा, सैल पडला की धार गोल होते. नवशिके पट्ट्यावर धार घालवतात तेवढी दगडावर घालवत नाहीत, कारण भरभर परजण्यात रुबाब वाटतो. हळू परजा. तुमचा जुना पट्टा तेलाने मऊ होईल असं वाटत असलं तरी चामड्याला भेगा गेल्यात, भेग धारेला कापते. तो धोकटीतच राहू द्या.

वापरण्याबद्दल. स्वच्छ, बिनतड्याचा आणि धार लावलेला वस्तरा खुशाल वापरता येतो. सुरू करण्याआधी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातं दहा मिनिटं बुडवा. आणि तो एकाच माणसाचा. एड्सची भीती आली तेव्हा नव्वदच्या दशकात आपल्या सलूनवाल्यांनी वस्तरे बाजूला ठेवून ब्लेड बदलायचे वस्तरे घेतले, आणि ते योग्यच केलं. कावीळ बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही निदान आठवडाभर तग धरतो. तुमचे वडील हौसेने म्हणतील की एखाद्या गिऱ्हाइकाला पणजोबांच्या वस्तऱ्याने दाढी करून देऊ. त्यांना प्रेमाने थांबवा.

ठेवताना मशीनचं तेल किंवा औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खोबरेल नको, ते आपल्या थंडीत गोठतं आणि वर्षभराने चिकट पिवळा थर धरतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बाहेर काढून पुसा.

किमतीचं मी टाळत नाहीये. शेफील्ड आणि सोलिंगेनचे वस्तरे लाखोंनी बनले, त्यातले बरेच अजून जगात आहेत. देवळालीच्या जुन्या बंगल्यांच्या सामानात, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मला स्वतःला मिळाले आहेत. तुमच्या दोघांसारखे चांगल्या अवस्थेतले वस्तरे संग्राहक घेतात, पण त्या पैशाने घरात फार काही फरक पडेल असं मला वाटत नाही. शिवाय जसे आहेत तसे, गंजासकट विकलेले बरे. अर्धवट घासलेल्या वस्तऱ्याला जाणता माणूस कमीच देतो.

आणि आता तिसरा. नाव नाही, घाट साधा, रुंदी १३ उरलेली. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. पण फोटोतली त्याची पाठ मी मोठी करून पाहिली. पाठीवर दोन्ही बाजूंना घासल्याचे सपाट पट्टे आहेत, आणि डावीकडचा पट्टा उजवीकडच्यापेक्षा स्पष्ट रुंद आहे. धार मधोमध आत गेली आहे, उलट्या कमानीसारखी. रोज पथरीवर नेताना मधल्या भागावर सारखा दाब पडत गेला की असं होतं. नवा असताना हा वस्तरा १९-२० मिलिमीटरचा असावा. म्हणजे सहा-सात मिलिमीटर पोलाद पथरीवर गेलं, आणि पथरीच्या एका बसण्यात जातं ते डोळ्यालाही दिसत नाही. रामकुंडावर दिवसात किती डोकी होतात, सिंहस्थात तर हात थांबत नाही, आणि दर चार-दोन डोक्यांनी पट्टा, दर दिवसाआड पथरी. एका माणसाचं पूर्ण आयुष्य त्या पात्यातून वजा झालेलं आहे. तुमच्या घरात कोणाला आठवत असेल तर विचारा, आजोबा एका बाजूला जास्त जोर देऊन पथरी चालवायचे का. माझा अंदाज आहे की ‘हो’ म्हणतील.

त्याची धार सरळ करता येईल का? येईल. पण त्यासाठी आणखी दीड-दोन मिलिमीटर काढावं लागेल, पाठही त्या प्रमाणात घासावी लागेल, आणि उरेल ती वापरायला अरुंद, लवचीक पट्टी. तो दाढी करणार नाही आणि आजोबांच्या हाताची खूणही पुसली जाईल. मी त्याला कागद लावणार नाही, पथरी लावणार नाही. लाल गंज तेलाने आणि कापडाने जेवढा निघतो तेवढाच काढा. गळ्याजवळ, खिळ्याच्या कडेला पांढरट काहीतरी सुकलेलं दिसतंय. तो बहुधा जुना साबण आहे. तो ओलावा धरतो, म्हणून ओल्या काडीने काढावा लागेल, पण त्याआधी एक फोटो घ्या. त्याचा खिळा ढिला झालाय, पातं आपण होऊन उघडतं असं तुम्ही लिहिलंय. लोखंडी ठोकळ्यावर ठेवून दोन्ही बाजूंना सहा-सात हलके ठोके द्या, म्हणजे कोणाच्या बोटाला लागायचा नाही.